झाकण धरणारी दुसरी व्यक्ती

“सूनबाई, औषधाची वेळ झाली!”

औषधांच्या दुकानातल्या अख्ख्या रांगेने मान वळवली. आवाज गोड होता, खणखणीत होता, आणि तो येत होता एका उंच, दाढीवाल्या, पावसाने निथळणाऱ्या माणसाच्या काखेतून.

त्याने काखेतली पांढरी औषधपेटी थोपटली, उलटी केली, शेवटी जॅकेटात कोंबली. पेटी आतूनही, जरा घुसमटून, पण तितक्याच मायेने म्हणाली, “सूनबाई, औषधाची वेळ झाली!”

“अहो सूनबाई, ओ द्या की!” रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि दुकानात हशा पिकला.

हसली नाही ती फक्त एकच बाई. दाढीवाल्याच्या मागेच उभी होती ती – छत्रीचं पाणी आपल्याच चपलेवर गळतंय याचंही भान नसलेली. त्याला कारण होतं. ते वाक्य तिचं होतं. पेटीत जरा घरगुती गोडवा आणा, असं ऑफिसातल्या साहेबांनी सांगितल्यावर तिनेच एका दुपारी चहा पिता पिता लिहिलेलं. तेव्हा फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

“पुस्तिका असेल ना सोबत? बघा की त्यात,” दुकानदार म्हणाला.

“पाठ आहे मला ती.” दाढीवाल्याने खिशातून ओली पुस्तिका काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. “‘आवाज बंद करण्यासाठी सुनेने किंवा पत्नीने पेटीमागील कळ दाबावी.’ घ्या. मी कोण दाबणारा? हे लिहिणारा माणूस एकदा भेटायला हवा मला. बसला असेल कुठेतरी मिशा पिळत!”

“मिशा नाहीत,” मागून आवाज आला.

“अं?”

“लिहिणाऱ्याला मिशा नाहीत. म्हणजे… मीच लिहिलंय ते.”

तो वळला. दाढीतून पाण्याचा एक थेंब पुस्तिकेवर पडला. “तुम्ही? तुम्ही बाई असून हे असं—”

“आणि तुम्ही लिहिणारा पुरुषच असणार म्हणून धरून चाललात ना?”

त्याने पुस्तिका मिटली. मग हसला… आधी डोळ्यांनी, मग सावकाश बाकीच्या चेहऱ्याने. “फिट्टंफाट,” तो म्हणाला.

तिने हात पुढे केला आणि पेटीमागची कळ दाबली. पेटी गप्प झाली. तिच्या छातीत मात्र काहीतरी वाजायला लागलं ते लागलंच, आणि त्याची कळ कुठल्या पुस्तिकेत दाखवलेली नव्हती.

*

तिचं काम म्हणजे या औषधपेटीच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका, पडद्यावरची मदतीची पानं आणि पेटीच्या तोंडची वाक्यं लिहिणं. शब्द कापण्यात हात इतका साफ, की ऑफिसात तिला ‘कात्री’च म्हणत. शेजारच्या टेबलावर पुस्तिकेतली चित्रं काढणारी मावशी बसायची. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण कान पकडण्याचा हक्क तिने सगळ्यांवर सांगितला होता.

पावसातल्या त्या फजितीची गोष्ट ऐकून मावशी पोट धरून हसली. “मग? सूनबाई दिसायला कशी आहे?”

“मावशी!”

“विचारलं बाई नुसतं.”

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. तक्रारींची फाइल उघडली तर त्याच्यासारखे ढीगभर निघाले. आजारी बायकोला सांभाळणारे निवृत्त मास्तर होते, आळीपाळीने जागणारे दोन भाऊ होते, वरच्या मजल्यावरच्या आजींना औषध देणारा भाडेकरू होता. पेटी या सगळ्यांना सूनबाई म्हणत होती. उलट डॉक्टर आणि तंत्रज्ञ पानोपानी ‘तो’. साहेबांनी फाइल वाचली, चष्मा पुसला आणि सांगितलं, “सगळी पुस्तिका नव्याने लिहा. वाचणारं कुणीही असो, हे आपल्यासाठी नाही असं त्याला वाटता कामा नये.”

पहिल्या सकाळी तिने शॉर्टकट मारून पाहिला. संगणकाला सांगितलं, ‘सून’ दिसेल तिथे ‘व्यक्ती’ घाल. त्याने इमानेइतबारे घातलं. दुपारी टेबलावरची नमुन्याची पेटी बोलली, “व्यक्तीबाई, औषधाची वेळ झाली!” मावशीच्या नाकातून चहा आला.

मग ती एकेक वाक्य हातात घेऊन बसली. सुना गेल्या, पत्नी गेल्या, ‘तो’ डॉक्टर गेला. मावशीने चित्रांतल्या हातांवरच्या बांगड्या पुसल्या. पेटी नुसतं “औषधाची वेळ झाली” म्हणायला शिकली.

नवी पुस्तिका लोकांकडून तपासून घ्यायची तिथली एक रीत होती. बाहेरच्या माणसाला बोलवायचं. त्याने पुस्तिका मोठ्याने वाचायची आणि लिहिलंय तेवढंच करायचं, एक बोटही जास्त हलवायचं नाही. लिहिणाऱ्याने मागे खुर्ची टाकून बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, खाणाखुणा नाहीत. त्यात तिने या वेळी आपला एक नियम घातला. आलेल्या माणसाला घरचं काही विचारायचं नाही. कोण कुणाचं कोण, लग्न झालंय की नाही… काही नाही. “आपण आधीच ठरवून बसतो, म्हणून हे सगळं झालं,” असं तिने मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. साहेबांनी लगेच सही केली.

नियम उत्तम होता. त्यात खोट एवढीच, की तपासणीसाठी पहिलं नाव तिने दाढीवाल्याचं सुचवलं.

*

तो आला. दोन चौक पलीकडे त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणाला. टेबलाशी बसून त्याने पहिलं पान उघडलं, आणि मग एकदम मागे वळून तिच्याकडे बघितलं.

“पुढे बघायचं,” मावशी चित्रफळ्याआडून म्हणाली.

“पुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही.”

तिने ओठ घट्ट मिटले. हसणं हे बोलण्यात धरायचं की मदतीत, याबद्दल नियम मूग गिळून होते.

तो वाचायचा छान. “‘पेटी सपाट जागी ठेवावी.’ ठेवली. ‘पडदा उजळेपर्यंत थांबावे.’ थांबलो… थांबलोय हो. कात्रीबाई, फार वेळ थांबावं लागलं तर माणसाने काय करावं? गाणं म्हणावं?”

तिने वहीत लिहिलं – ‘पडदा उजळायला वेळ लागतो, हे सांगावे.’ आणि खाली, कारण नसताना, एक फूल काढलं.

मधेच त्याचा फोन वाजला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “हो गं… हो, येतोच. तू जेवून घे ना. माझ्यासाठी नको थांबूस.”

फूल तिथेच अर्धवट राहिलं.

तेव्हापासून तिच्या मनात जमाखर्च सुरू झाला. जमेला होतं त्याचं वळून बघणं, चहा देताना कपाचा कान तिच्याकडे फिरवणं, आणि एकदा निघता निघता, “उजव्या डोळ्याचा नंबर वाढलाय तुमचा. कागद जवळ धरता. दुकानात या, बघतो,” हे सांगणं. खर्चाला दोनच अक्षरं होती – ‘हो गं’. पण ती एवढी भारी, की बाकी काही शिल्लकच उरत नव्हती.

“विचारून टाक ना सरळ,” मावशी म्हणाली.

“नियम आहे.”

“कुणी केला?”

“…मी.”

“मग बस आता त्याला कवटाळून!”

ती खरंच बसली होती. नियम मोडणं अवघड नव्हतं, पण तो मोडायला तिला लाज वाटत होती. तो कामासाठी यायचा. खुर्चीत बसवून, कामाच्या नावाखाली त्याच्या घरात डोकावायचं, म्हणजे पेटीने केलेली आगळीक तिने पुन्हा करण्यासारखं होतं. आणि तपासण्या संपत आल्या होत्या. पुस्तिका छापायला गेली, की तो इथे यायचं कारण उरणार नव्हतं.

*

त्यातच मावशीला पेटी भरण्याचं चित्र काढायचं निघालं. पेटीचं झाकण स्प्रिंगचं होतं, चुकून उघडं राहू नये म्हणून सोडलं की खाड्कन मिटणारं. म्हणून एकाने झाकण धरायचं आणि दुसऱ्याने एका हाताने कप्प्यांची कळ दाबून धरत दुसऱ्या हाताने गोळ्या कप्प्यांत ठेवायच्या. जुन्या पुस्तिकेत झाकण पत्नी धरायची. नव्यात तिथे ‘एक व्यक्ती’ आणि ‘दुसरी व्यक्ती’ आल्या होत्या.

“मला हात हवेत,” मावशीने फर्मान काढलं. “सूनबाई, तुम्ही गोळ्या भरा. कात्री, तू झाकण धर. आणि दागिना काढा हो तो, हात कुणाचा ते कळता कामा नये.”

त्याच्या करंगळीशेजारच्या बोटात सोन्याची अंगठी होती, जुन्या घडणीची. त्याने ती हळूच फिरवून काढली, रुमालात गुंडाळली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून खात्री करून घेतली. एखादी वस्तू किती मोलाची आहे ते ती ठेवण्याच्या तऱ्हेवरून कळतं. तिला कळलं.

मग दोघांचे हात पेटीवर आले. झाकण तिने धरलेलं, खाली त्याची बोटं. एक गोळी, दुसरी गोळी… त्याचं मनगट तिच्या मनगटाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

“हलू नका,” मावशी म्हणाली.

हलतंय कोण!

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मावशीची पेन्सिल कागदावर खसखसत होती, आणि खरं सांगायचं तर ते हात तिचे केव्हाच काढून झाले होते. ती उगाचच नखं गिरवत बसली होती.

“मोबाइल वाजतोय तुमचा,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“वाजू दे. घरी वाट बघतायत, तेच असेल.”

“अच्छा,” तो म्हणाला. मनगट बाजूला झालं.

*

शेवटची तपासणी वापरणाऱ्याच्या घरीच करायची असे. ती ठरल्या वेळी त्याच्या दाराशी उभी राहिली. दारातल्या चपला बघायच्या नाहीत, असं स्वतःला बजावलं. मग बघितल्या. एक जोड बायकी होता. कापडी, घरात घालायचा, टाचेशी झिजलेला.

झालं तर मग, ती मनात म्हणाली, आणि अगदी कामाचा चेहरा करून आत गेली.

स्वयंपाकघरात खिडकीशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, गुडघ्यांवर शाल. “माझे वडील,” तो म्हणाला. “बाबा, या पुस्तिकेच्या लेखिका. आता त्या बोलणार नाहीत.”

“का? भांडण झालंय?”

“नियम आहे बाबा.”

“तुझी आई अशी गप्प बसली की घरात भूकंप व्हायचा. बसा हो लेखिकाबाई.”

ती मागे खुर्ची घेऊन बसली, मांडीवर वही. तो टेबलाशी उभा राहिला. सगळं सुरळीत चाललं होतं. पडदा उजळला, कप्पे दिसले. शेवटचं पान आलं.

“‘एका व्यक्तीने झाकण उचलून धरावे.’” त्याने उचलून धरलं. “‘दुसऱ्या व्यक्तीने एका हाताने कळ दाबून धरावी व दुसऱ्या हाताने…’”

तो थांबला. त्याने पानाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं – ओट्याकडे, नळाकडे, बाबांच्या खुर्चीकडे.

“‘दुसऱ्या व्यक्तीने,’” त्याने पुन्हा वाचलं. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

बाबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू लागले. “नको बाबा, बसा. हात थरथरतात तुमचे, गोळ्या सांडतात,” तो म्हणाला. बाबा परत बसले आणि शालीची दशी चाचपत राहिले.

तिची पेन्सिल थांबली होती. सून काढली, पत्नी काढली, बांगड्या पुसल्या… आणि त्यांची जागा मात्र तशीच मांडून ठेवली. प्रत्येक घरात दुसरं माणूस असतंच, हे ती धरून चालली होती. एवढं कापूनही तेवढंच कापायचं राहिलं होतं. झाकण धरलेली त्याची पाठ तिला दिसत होती, आणि त्या पाठीचं ते एकटं उभं राहणं तिच्याच वाक्याने उघडं पाडलं होतं.

“एरवी कसं करता?” तिने विचारलं.

“तपासणी चालू आहे.” तो वळला नाही. “बोलायचं नाही.”

“कसं करता?”

त्याने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. गजाला बांधलेल्या दोरीवर कपड्यांचा एक लाकडी चिमटा अडकवलेला होता. “तो लावतो झाकणाला. पण पुस्तिकेत चिमटा नाही. लिहिलंय तेवढंच करायचं ना? म्हणून उभा आहे.”

स्प्रिंग कडक होती. झाकण त्याच्या हातात थरथरायला लागलं. ती उठली, वही खुर्चीवर ठेवली, आणि जाऊन झाकण धरलं.

“मोडली तपासणी,” तो म्हणाला.

“मोडली.”

“साहेब रागावतील.”

“रागावू देत. पुस्तिका चुकली आहे, तपासणी नाही.” तिने झाकणावरची पकड बदलली. “घरात… दुसरं कुणीच नसतं?”

“हा प्रश्न नियमात बसतो?”

“कामाचा आहे. पुस्तिकेसाठी विचारावाच लागणार.”

“मग कामाचं उत्तर लिहून घ्या. कुणी नसतं. सकाळी आत्या येते, दुपारी जाते. मी जेवायला घरी येईपर्यंत न जेवता बसून राहते, म्हणून फोनवर रागवावं लागतं. दारातल्या चपला तिच्या.”

“मी चपला बघितल्या नाहीत.”

“चष्मेवाला आहे हो मी. माणूस कुठे बघतो एवढंच तर मला कळतं. अंगठीकडेही बघत होतात.”

“ती माझी!” खिडकीतून बाबा म्हणाले. “बोटं बारीक झाली माझी. एकदा मोरीत पडली, तेव्हापासून हाच घालून फिरतो. म्हणतो, तुमचं वजन वाढेपर्यंत सांभाळतो. आता या वयात कुठलं वाढतंय…”

तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही हात झाकणाला गुंतलेले, त्यामुळे दोन्हीपैकी काहीच लपवता येईना.

“आता माझा प्रश्न,” तो हलकेच म्हणाला. “मला कुठे नियम आहे! घरी कोण वाट बघतं तुमची?”

“आई. आणि आईचं मांजर. मांजर जास्त.”

“मला वाटलं…”

“धरून चाललात?”

“चाललो.”

“फिट्टंफाट,” ती म्हणाली.

आता दोघांच्या मधे फक्त पेटी होती. त्याने कळ दाबली, एक गोळी कप्प्यात ठेवली, मग दुसरी… आणि तिसरी हातातच राहिली.

“एक सांगू? झाकणासाठी मला कुणी नकोय. झाकणाला चिमटा पुरतो.” त्याने वर बघितलं. “बाकीच्यासाठी हवंय. दिवेलागणीला दुकान बंद करताना, आज काय झालं ते कुणाला सांगू म्हणून बघतो ना… त्या वेळी गेले कित्येक दिवस तुम्हीच दिसता. दुसरी व्यक्ती म्हणून नाही. तुम्ही म्हणून.”

तिने झाकण आणखी घट्ट धरलं.

“हात दुखतोय का?” त्याने विचारलं. “सोडा हवं तर.”

“दुखतोय,” ती म्हणाली. “पण सोडणार नाही.”

“औषधाची वेळ झाली,” पेटी म्हणाली.

“अगं, थांब की जरा!” बाबांनी पेटीलाच दटावलं, आणि पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. बाबांना तेवढी समज होती.

*

पुस्तिकेची छपाई लांबली. साहेब कुरकुरले, मग वाचून त्यांनी सही केली. आता शेवटच्या पानावर आधी एकट्या व्यक्तीने पेटी कशी भरायची ते आहे – झाकण, चिमटा, कळ, गोळ्या, आणि मावशीने काढलेला तो लाकडी चिमटाही. त्याखाली दोन व्यक्तींची रीत, सोबतीला कुणी असेल तर. त्या चित्रातले हात बाईचे की पुरुषाचे, थोरल्याचे की धाकटीचे, कुणालाही सांगता येत नाही. हजारो घरांत ती मनगटं एकमेकांना टेकून राहिली आहेत, आणि ती कुणाची हे फक्त तिघांना ठाऊक आहे. त्यातली मावशी कधी सांगेल याचा भरवसा नाही.

नवी पुस्तिका हातात पडली तेव्हा त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, पेटी मधे घेऊन, बाबांना ऐकू जाईल अशी. पहिल्या रीतीशी आला आणि सवयीने खिडकीकडे हात केला.

“चिमटा कुठे गेला?”

“बाहेर दोरीवर,” ती झाकण उचलत म्हणाली. “तुझ्या ओल्या सदऱ्याला लावलाय. वाच पुढे.”